प्लमच्या ओढ्याकाठचा कॉफीचा बंब

मी एक जुना कॉफीचा बंब आहे. पोटाला दोन पोचे, एक कान तुटलेला, तोटी जराशी गळकी. अमेरिकेत, प्लमच्या ओढ्याकाठी, आम्हा लाकोटा आदिवासी लोकांचे एक सभागृह आहे. त्याच्या स्वयंपाकघरात माझे सारे आयुष्य गेले. मित्रांनो, आजवर तुम्हाला छत्रीने, घड्याळाने आणि कुठल्या कुठल्या झाडाने आपली कहाणी गोड आवाजात सांगितली असेल. माझा आवाज तसा गोड नाही. मी जन्मभर सभा ऐकल्या आहेत.

कारखान्यात मला कोणी घडवले ते मला आठवत नाही. चर्चच्या शिवणमंडळातल्या बायकांनी हिवाळाभर ताऱ्याच्या नक्षीच्या गोधड्या शिवल्या, त्या विकल्या आणि मला आणले, तिथपासूनचे सारे आठवते. त्याआधी इथे कॉफी कपडे धुण्याच्या टबात उकळत असे आणि तिला साबणाचा वास येई. म्हणून माझे फार कौतुक झाले. ओढ्यापलीकडे सायरस रेड विलो नावाचे आजोबा राहत. प्रत्येक सभेच्या आरंभी प्रार्थना तेच म्हणत. माझ्यातला पहिला पेला त्यांना दिला. त्यांनी त्यातले थोडे थेंब गेलेल्या माणसांसाठी जमिनीवर सांडले, एक घोट घेतला आणि म्हणाले, "बरे झाले. आता सभेत निदान कुणीतरी तापलेले असेल."

किती सुखाचे दिवस होते ते! बारशाला मी होतो. बारसे म्हणजे आमच्याकडे मोठ्या माणसालाही नवे नाव देतात, आणि ज्याला नाव मिळाले त्याच्या घरचे लोक गोधड्या, शाली, भांडीकुंडी जमलेल्यांना वाटून टाकतात. ज्याने जास्त दिले तो मोठा, अशी इथली रीत. कुणी गेले की माणसे मृताजवळ दोन-दोन दिवस बसून राहत आणि मी एकदाही थंड पडत नसे. निवडणूक आली की उमेदवार मांसाचा रस्सा आणि तळलेल्या भाकऱ्या घेऊन येत आणि म्हाताऱ्यांच्या हातात स्वतः पेला देत. निवडून आल्यावर तेच उमेदवार आपला पेला आपण भरून घेत आणि दाराजवळच्या खुर्चीत बसत, म्हणजे लवकर निघता येते.

माझ्या स्वयंपाकघराची किल्ली मार्व्हेला गुड विंटरकडे असे. ती शाळेत स्वयंपाक करी आणि आमच्या विभागाची प्रमुखही होती. दोन्ही कामे ती एकाच आवाजात करी. तिचा नवरा विल्बर वारला होता. त्याचा धाकटा भाऊ अॅम्ब्रोस हा आमच्या विभागातून जमातीच्या परिषदेवर निवडून गेलेला. दीर-वहिनींनी एकमेकांची थट्टा करायची, हा आमच्याकडे जवळजवळ कायदाच आहे, आणि हा एक कायदा तरी सगळे पाळत.

"वहिनी, आज कॉफी पातळ झालीय," अॅम्ब्रोस म्हणे.

"तुमच्या भाषणासारखी केलीय, भाऊजी. रंग आहे, दम नाही."

एका वसंतात ओढ्यावरचे बर्फ फुटले, त्याचे मोठाले तुकडे जुन्या लाकडी पुलाला येऊन धडकले आणि पूल गेला. पलीकडे बरीच घरे होती. आमची दफनभूमीही पलीकडच्याच टेकडीवर. जायला दुसरा रस्ता होता, पण तो डोंगरकड्याने लांबवर फिरून येणारा आणि पाऊस-बर्फात चिखलाने बंद होणारा. शाळेची बस अलीकडेच थांबू लागली. मुले पुलाच्या उरलेल्या तुळईवरून चालत येत आणि त्यांच्या आया काठावर श्वास रोखून उभ्या राहत.

मला वाटले, महिन्याभरात पूल होईल. मी तेव्हा नवखा होतो, मित्रांनो.

पहिल्या सभेला, आदिवासींचा कारभार पाहणारे वॉशिंग्टनचे जे सरकारी खाते आहे, त्याचा रस्ते-अधिकारी आला. सभ्य माणूस. त्याने नकाशा उलगडला आणि सांगितले की हा रस्ता आमच्या खात्याचा नाही, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा आहे. दुसऱ्या सभेला काउंटीचा माणूस आला. त्याने दुसरा नकाशा उलगडला आणि सांगितले की आदिवासींच्या राखीव प्रदेशात आमचा हात पोचत नाही. तिसऱ्या सभेत जमातीच्या परिषदेने ठराव करावा असे ठरले. परिषद भरते मुख्य गावात, त्याला आम्ही एजन्सी म्हणतो. तिथे तो विषय निघाला तेव्हा कोरमसाठी एक माणूस कमी पडला. पुढच्या वेळी कोरम भरला, पण विषय यादीत सर्वांत खाली होता आणि तिथवर पोचेपर्यंत कोरम जेवायला गेला.

मग निवडणूक झाली. नवा अध्यक्ष आला की कचेरीतली जुनी माणसे जातात आणि त्यांच्याबरोबर जुने कागदही कुठेतरी जातात. मार्व्हेलाने सारे पहिल्यापासून सांगितले. दोन वर्षांनी आणखी एक अध्यक्ष आला. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितले. मी प्रत्येक वेळी भरलो, तापलो आणि रिकामा झालो. मी तरी निदान रिकामा होत होतो. त्या सभा भरूनही रिकाम्या आणि संपूनही न संपलेल्या असत.

आणि माणसे कमी होऊ लागली. मागच्या खुर्च्या आधी रिकाम्या झाल्या. बाप्ये म्हणत, जाऊन काय होणार? बाया म्हणत, घरी कॉफी नाही का? सायरस आजोबा मात्र दर सभेला येत. तुळईवरून चालणे त्यांना जमत नसे, म्हणून कुणाच्या तरी गाडीतून लांबच्या रस्त्याने येत. प्रार्थना संपवताना ते देवाला आमच्या भाषेत पुलाची आठवण करून देत. एकदा अॅम्ब्रोसने त्यांना हळूच विचारले की आजोबा, देवाला किती वेळा सांगणार? ते म्हणाले, "त्याच्याकडेही अध्यक्ष बदलत असतील."

असे किती हिवाळे गेले ते मी मोजले नाहीत. मग एका मार्चमध्ये आजोबांच्या छातीत दुखू लागले. दवाखान्याची गाडी बोलावली. ती ओढ्यापर्यंत आली, तिथून मागे वळली आणि लांबच्या रस्त्याने चिखलातून फिरून गेली. आजोबा दवाखान्यात पोचण्याआधीच गेले. गाडी सरळ गेली असती तर ते वाचले असते का, हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झाले होते. ते खरेच होते. पण "कदाचित" हा शब्द सभागृहात येऊन बसला आणि उठेना.

आजोबांना आमच्याकडे आणले. माणसे जमली, ढोलावर गाणी झाली, त्यांच्या शवपेटीवर ताऱ्याची गोधडी घातली. पुरायच्या दिवशी शववाहिनीचा चालक म्हणाला की कड्याचा रस्ता चिखलाने बंद आहे, दोन-तीन दिवस थांबावे लागेल. सगळे मार्व्हेलाकडे बघू लागले. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या तळत होती. तिने कढईखालचा गॅस बंद केला, हात पुसले आणि सांगितले की आजोबा आता कुणासाठी थांबणार नाहीत. आपण त्यांना ओढ्यातून नेऊ.

मला उकळत्या कॉफीने काठोकाठ भरून एका पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवले आणि काठावर नेले. म्हणून पुढचे सारे मी पाहिले.

पाणी कमरेच्या जरा खाली होते आणि त्यात अजून बर्फाचे तुकडे वाहत होते. पुरुषांनी विजारी वर दुमडल्या. अॅम्ब्रोस परिषदेला घालतो तो कोट घालून आला होता. तो पेटीच्या पुढच्या कोपऱ्याला लागला. मागच्या एका कोपऱ्याला माणूस हवा होता. त्या वेळचे अध्यक्ष लायल मॉर्निंग हॉर्स एजन्सीहून अंत्यदर्शनाला आले होते. ते काळ्या कोटात, चकचकीत बुटांत, थोडे बाजूला उभे होते.

मार्व्हेला त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अध्यक्ष, बूट काढा."

त्यांना वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही. "मावशी, मला दुपारी एजन्सीत खात्याच्या लोकांना भेटायचे आहे."

"भेटा की. ओले होऊन भेटा. तुम्ही शपथ घेतली तेव्हा प्रार्थना कुणी म्हटली होती?"

पिकअपच्या कडेला बसून लायलनी बूट काढले, मग मोजे काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते. आमचे लोक कशावरही विनोद करतात, पण त्या भोकावर कुणी केला नाही.

ते पाण्यात उतरले. बायकाही मागोमाग उतरल्या. मधोमध कुणाचा तरी पाय घसरला आणि पेटी एका अंगाला कलली. काठावर राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तोंडावर हात धरले. अॅम्ब्रोसने खांदा लावून पेटी सावरली आणि धापा टाकत म्हणाला, "आजोबा, हलू नका. तुम्ही गेलात तर आपला कोरम मोडेल."

सगळे हसले आणि त्याच श्वासात रडले. मग पेटी पलीकडे गेली.

परत आल्यावर लायल माझ्याजवळ उभे राहिले. त्यांचे पाय निळे पडले होते, दात वाजत होते, आणि पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मार्व्हेलाने त्यांच्या खांद्यावर एक गोधडी टाकली. ती पुलाबद्दल एक शब्दही बोलली नाही. मला तिचा राग आला. बोल ना, मी मनात म्हणत होतो, आताच बोल! पण तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

पुढच्या परिषदेत पूल हा पहिला विषय होता. कोरम होता. ठराव एकमताने झाला. रस्ता कुणाचा, याचाही निकाल लागला. खात्याने तो आपला म्हणून मान्य केला. सभागृहात त्या संध्याकाळी चोकचेरी या रानफळाचे वोजापी शिजले. ते दाट गोड सार भाकरीबरोबर ओरपताना लोक किती दिवसांनी मोठ्याने हसत होते. मीही आनंदाने गळत होतो.

आणि मग रस्ते-अधिकारी पुन्हा आला. त्याचा चेहरा पाहूनच मला कळले.

पुलाचे पलीकडचे टोक ज्या जमिनीवर टेकणार होते, ती जमीन जमातीची नव्हती. फार पूर्वी सरकारने आमची सामाईक जमीन तोडून एकेका माणसाच्या नावावर केली होती. तो तुकडा चांगली-शाल नावाच्या एका म्हातारीला मिळाला होता. ती केव्हाच वारली. तिची मुले वारस झाली, मग त्यांची मुले, मग त्यांची. जमीन कधी वाटली गेली नाही, फक्त वारस वाढत गेले. आता त्या तुकड्याला इतके मालक होते, की सगळे एकदम येऊन उभे राहिले असते तर जमीन दिसली नसती. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या संमतीच्या सह्या लागणार होत्या. ते डेन्व्हरला, मिनियापोलिसला, कुठे कुठे पांगलेले. काही तुरुंगात, काही सैन्यात. काहींना आपण कशाचे मालक आहोत हे ठाऊकच नव्हते.

"बाई, पूल मलाही हवा आहे," अधिकारी म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता, आणि त्यामुळेच त्याच्यावर धड ओरडताही येईना. कुणावर ओरडावे हेच कळत नाही, मित्रांनो, हा आमच्या कारभारातला सगळ्यांत मोठा छळ आहे.

खात्याने सगळ्यांना टपालाने कागद पाठवले. थोडे परत आले. बाकीचे कुठे गेले देव जाणे. अॅम्ब्रोसने हात टेकले. तो म्हणाला, एवढी माणसे एका जागी यायची तर कुणीतरी मरावे लागेल.

मार्व्हेलाने भांडी घासणे थांबवले. आमच्याकडे माणूस गेल्याला वर्ष झाले की त्याच्या नावाने मोठे जेवण घालतात. वर्षभर घरचे लोक गोधड्या शिवतात, वस्तू जमवतात आणि त्या दिवशी सगळ्यांना वाटून टाकतात. त्या जेवणाला नातलगाने न येणे म्हणजे नातेच नाकारणे. आणि सायरस आजोबांची आई ही चांगली-शालची नात होती. म्हणजे त्या जमिनीचे बहुतेक मालक आजोबांचे भाऊबंद होते. कागदाला न आलेली माणसे जेवणाला येणार होती.

ती आली. जुन्या गाड्यांतून, एकेका गाडीत सात-आठ जण अशी आली. सभागृहात मावेनात म्हणून बाहेर टेबले मांडली. आधी आजोबांच्या नावाचे पान बाजूला ठेवले. त्यात रस्सा, भाकरी, वोजापी आणि माझ्यातला एक पेला. मग बाकीच्यांच्या पंगती. आणि माझ्या तोटीशी मार्व्हेला उभी राहिली, एका हातात पेले, दुसऱ्या हातात पेन. शेजारी खात्याची साक्षीदार बाई.

"आधी सही, मग कॉफी," मार्व्हेला प्रत्येकाला म्हणे.

"आत्या, हे काय आहे?" मिनियापोलिसहून आलेल्या एका उंच पोरीने विचारले.

"तुझ्या खापरपणजीची जमीन आहे. तिच्यावर पुलाचा पाय टेकवायचाय."

"माझी जमीन आहे? केवढी?"

"तुझ्या वाट्याला टेबलाएवढी येईल. पण टेबल तुझे आहे."

त्या पोरीने सही केली आणि पेला घेऊन थेट ओढ्यावर गेली. एका म्हाताऱ्याने मात्र नकार दिला. सरकारच्या कागदावर सही करून आपण आजवर काय मिळवले, असे तो म्हणाला आणि कॉफी न घेता जाऊन बसला. मार्व्हेलाने त्याला समजावले नाही. त्याचे म्हणणे चूक नव्हते. तिने स्वतः त्याच्यासमोर पेला नेऊन ठेवला आणि परत आली.

त्या दिवशी मी आयुष्यात कधी नव्हे इतक्या वेळा भरलो. संध्याकाळी साक्षीदार बाईने सह्या जुळवल्या आणि मान हलवली. पुरेशा होत्या. त्याच वेळी माझ्या पोटात काहीतरी चरचरले आणि तापायची तार जळून गेली. कुणाच्या लक्षात आले नाही, आणि मलाही त्याचे फार वाईट वाटले नाही.

आता तुम्हाला वाटेल, मी सांगणार की लगेच पूल झाला. नाही झाला. लायल पुढची निवडणूक हरले. नव्या अध्यक्षांच्या माणसांनी मार्व्हेलाला विचारले की कुठला पूल? खात्याचे त्या वर्षीचे रस्त्यांचे काम संपले होते. रस्ते-अधिकाऱ्याची बदली झाली. ओढ्यातल्या एका छोट्या माशाला त्रास होईल का, हे बघायला दोन तरुण आले आणि उन्हाळाभर पाण्यात उभे राहिले. मी ते सारे कपाटातून ऐकले, कारण जळल्या बंबाला नाताळच्या माळांबरोबर कपाटात ठेवले होते. कट्ट्यावर माझ्या जागी एक छोटे यंत्र आले. बटण दाबले की एका माणसापुरती कॉफी मिळते. ती घेऊन लोक आपापल्या गाडीत जाऊन बसतात.

मार्व्हेला मात्र दर सभेला येत राहिली. एकदा ती आणि अॅम्ब्रोस असे दोघेच आले. तरी तिने सभा उघडली, प्रार्थना म्हटली, पुलाचा विषय वाचला, कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली आणि दिवे बंद केले. त्या दिवशी कपाटाच्या अंधारात मला एवढा संताप आला की तापता आले असते तर माझे झाकण उडाले असते.

शेवटी पूल झाला. लोखंडाचा, रुंद, चांगला. उद्घाटनाला कोण कोण आले! ज्यांनी कधी आमच्या सभेत पाऊल ठेवले नव्हते त्यांनी फीत कापली. गर्मी होती म्हणून अॅम्ब्रोसने मला कपाटातून काढले, माझ्यात लिंबाचे सरबत भरले आणि पुलाच्या मधोमध टेबलावर ठेवले. कॉफीच्या बंबाने सरबत द्यायचे! पण निदान मी तिथे होतो. भाषणे झाली. प्रत्येकाने सांगितले की हे आपल्याच कारकिर्दीत झाले. सर्वांत शेवटी कुणाला तरी आठवले आणि मार्व्हेलाला बोलायला बोलावले.

तिचे गुडघे आता दुखतात. ती हळूहळू पुढे आली. तिने पुलाकडे पाहिले, टेकडीवरच्या दफनभूमीकडे पाहिले.

"पूल चांगला आहे. सगळ्यांचे आभार," ती म्हणाली. "आता पुढचा विषय. पलीकडच्या घरांचे पिण्याचे पाणी."

पाहुणे हसले. त्यांना तो विनोद वाटला. आमच्यातले कुणी हसले नाही. मार्व्हेलाने एक घडीची खुर्ची ओढली, ती पुलाच्या मधोमध उघडली आणि तीत बसली. अॅम्ब्रोसने कपाळावर हात मारला. मग तोही एक खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "माणसे मोजा रे."

एकेक करून माणसे बसू लागली. खुर्च्या संपल्यावर कठड्याला टेकली. दोन्हीकडे गाड्या खोळंबल्या, तसे गाड्यांतले लोकही उतरून आले. कोरम भरला. भरून वर उरला. नवे अध्यक्ष निघायच्या बेतात होते, पण त्यांची गाडी पुलाच्या पलीकडे होती आणि मधे सभा होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असे सांगून मी आता कहाणी संपवावी, अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपा किंवा भंगारात द्या, माझे काही म्हणणे नाही. पण तुमच्याही गावात एखादे सभागृह असेल, आणि तिथे कुणीतरी एकटेच माणूस दिवे लावून बसत असेल. जाऊन त्याच्याशेजारी बसा. कंटाळा येईल, राग येईल, उठावेसे वाटेल. उठू नका. मोजायला कुणीतरी बसून राहिलेले हवे असते.

आमच्याकडे पाण्याचा विषय अजून चालू आहे.